वरची पट्टी, खालची पट्टी

मागच्या रविवारी गावाकडं गेले होते तेव्हा जेवणं झाल्यावर दादानं कपाटातून दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. लेबल नाही, काही नाही, काचेवर मार्करनं एकीवर "व" आणि दुसरीवर "खा" एवढंच लिहिलेलं. व म्हणजे आमच्या द्राक्षबागेची वरची पट्टी, खा म्हणजे खालची. दोन्हीत शिराझ या द्राक्षाचीच वाईन, एकाच नर्सरीची कलमं, एकाच आठवड्यात लावलेली, खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम बांधतात तो, तोपण एकच डॉगरिज, आणि त्या वर्षी छाटणीसुद्धा एकाच दिवशी घेतलेली. वाईनमेकरनं आमच्या आग्रहाखातर दोन पट्ट्यांचा माल दोन वेगळ्या छोट्या टँकमध्ये आंबवला, यीस्ट एकच, लाकडाचं पिंप दोन्हीला लावलं नाही, आणि त्यातल्या या दोन बाटल्या दादाला आणून दिल्या. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, कारण त्या दोन बाटल्यांनी माझी एक समजूत पार बदलून टाकली.

आधी थोडं बागेबद्दल सांगते. आमचं गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटच्या रांगा जिथं उतरायला लागतात तिथं. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आणि आमची बाग सहाशेच्या जवळपास. मी राहते सोलापुरात, माती आणि पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आणि महिन्यातून एकदा तरी नान्नज, वडाळा, वैराग करत एसटीनं गावी जाते. हा रस्ता मला फार आवडतो. नान्नजच्या आसपास माळढोकासाठी राखलेलं माळरान दिसतं, गुडघाभर गवत आणि खाली नुसता मुरूम, आणि तिथून थोड्याच अंतरावर द्राक्षाच्या बागा. त्याच नान्नजच्या काळे कुटुंबानं थॉमसन जातीच्या बागेतून सोनाका ही जात निवडून काढली हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. म्हणजे आमच्या जिल्ह्यात द्राक्षाला डोकं लावणारी माणसं आधीपासून आहेत, फक्त ते सगळं खायच्या द्राक्षासाठी आणि बेदाण्यासाठी झालं. वाईनचं द्राक्ष ही वेगळीच गोष्ट आहे. तिकडं अकलूजच्या बाजूला माळशिरस तालुक्यात फ्रातेली या वाईन कंपनीनं २००७ नंतर सांजोवेझे वगैरे इटालियन जाती लावल्या, इटलीचे भाऊ आणि इथले भाऊ मिळून, आणि सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सुद्धा चांगली रेड वाईन होते हे लोकांना दिसलं. पण डोंगरउताराच्या बागा आमच्याकडं अजूनही मोजक्याच.

आमच्या आबांच्या वेळी भावाभावांत वाटणी झाली तेव्हा ओढ्याकाठची काळी रानं थोरल्यांकडं गेली आणि डोंगराच्या पायथ्याचा माळ आबांच्या वाट्याला आला. हुलगा आणि मटकी सोडून तिथं काही यायचं नाही. आजी शेवटपर्यंत त्याला "दगडाची वाटणी" म्हणायची. खालची दोन एकर काळी जमीन अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढं बऱ्याच वर्षांनी भावकीतूनच विकत घेतली, त्यासाठी आईचे दागिने मोडले होते, त्यामुळं घरात त्या खालच्या पट्टीला फार मान. २००६ ला दादानं शिराझ लावायचं ठरवलं तेव्हा दोन एकर वर आणि दोन एकर खाली अशी लागण केली. वरची पट्टी प्रयोग म्हणून, खरा भरवसा सगळ्यांचा खालच्यावर.

मी लॅबमध्ये लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर दोन्ही पट्ट्यांत खड्डे घेतले. वरून फावड्यानं चार बोटं माती खरडून सॅम्पल म्हणून पिशवीत भरतात लोक, त्यातून द्राक्षाचं काही कळत नाही, मुळी खाली कुठं जाते ते बघावं लागतं. खालच्या पट्टीत छाती एवढा खड्डा घेतला तरी काळीभोर माती संपेना. त्यातली मूठभर ओली करून हातावर वळली तर सुतळीसारखी सळी झाली, ती वाकवून कडं केलं तरी मोडलं नाही, एवढी चिकण. दोन फुटांखाली पांढरे खडे लागले, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की लगेच फसफसायचे, म्हणजे चुनखडी. मुळ्या म्हणाल तर जास्त करून वरच्या दीड फुटातच, ठिबकच्या नळीखाली गोळा झालेल्या.

वरच्या पट्टीत खड्डा घ्यायला मात्र पहार लागली. वीतभर तांबूस माती, मग मुरूम, मग भेगा पडलेला काळा खडक. ही माती मुठीत घेऊन वळायला गेलं की भुगाच होते. पण त्या खडकाच्या एका भेगेत साडेतीन-चार फुटांवर एक पांढरी मुळी दिसली, दोऱ्यासारखी बारीक, दगडाला चिकटून खाली खाली गेलेली. मी कितीतरी वेळ ती बघत बसले होते. अण्णा वरून म्हणाले, "पोरी, तिला पाणी लागलं असंल खाली, उगं जात नाही ती."

खडक दोन्हीकडचा एकच बरं का. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरले त्याचा हा बेसाल्ट. डोंगरावर तो झिजून मुरूम होतो, त्याचा बारीक गाळ पावसाबरोबर खाली वाहत येऊन साठतो आणि त्याची काळी माती होते. त्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडं शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वेलाच्या भाषेत सांगायचं तर खाली पाण्याचा हंडा कायम भरलेला आणि वर तांब्याभरच पाणी.

खायच्या द्राक्षाला हंडाच पाहिजे. मणी फुगला पाहिजे, लांब झाला पाहिजे, घड भरला पाहिजे, एकरी दहा-बारा टन निघाले पाहिजेत. वाईनला याच्या बरोबर उलटं. रेड वाईनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा बराचसा भाग सालीत असतो, आत रस तर पांढुरकाच. मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून रंग गडद. वरच्या पट्टीत मण्यात पाणी उतरायच्या वेळी, म्हणजे मणी मऊ पडून रंग फिरायला लागतो तेव्हा, ठिबक थोडं कमी केलं की आठवड्यात शेंडे आपोआप थांबतात. वेल वाढायचं सोडून घडाकडं लक्ष देतो. खाली ठिबक पूर्ण बंद केलं तरी वेलाला पंधरा दिवस कळत सुद्धा नाही, तो शेंडा काढतच राहतो, आणि डॉगरिज हा मुळातच जोरकस वाढीचा खुंट, त्यामुळं शेंडा मारून मारून माणसं थकतात. वर एकरी साडेतीन-चार टन निघतात, खाली सहा-सात आरामात.

हे एवढं ऐकून कुणालाही वाटेल की मग डोंगराची जमीन चांगली आणि खालची वाईट, संपला विषय. मलाही कित्येक वर्षं हेच वाटत होतं. पण हवामानाकडं बघायला लागले आणि तिथं गणित अडकलं.

आपल्याकडच्या द्राक्षाचं हवामान हा प्रकार बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. युरोपात वेल थंडीत झोपतो, पानं गळतात, वसंतात फुटतो आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला पिकतो. आपण सतरा-अठरा अक्षांशावर, इथं वेलाला झोप नाहीच, पाणी देत राहिलं तर तो बारा महिने हिरवा. मग त्याला ऋतू द्यायचं काम आपल्या कात्रीचं. एप्रिलला खरड छाटणी घ्यायची, नवीन काड्या येऊ द्यायच्या, त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत डोळ्यात घड तयार होतो म्हणून तेव्हा काडीला ऊन मिळालं पाहिजे, आणि मग पाऊस ओसरताना फळछाटणी. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. दोन छाटण्या आणि पीक एक. तिकडं निसर्ग तारीख ठरवतो आणि इथं आम्ही, त्यामुळं चूकही आमचीच होते.

आणि सगळ्यात मोठा फरक असा की तिकडं द्राक्ष पिकत येतं तसे दिवस थंड होत जातात, आमच्याकडं पिकत येतं तसे तापत जातात. जानेवारीत छान हवा असते, पहाटे गार, दुपारी ऊन. फेब्रुवारी सरता सरता सोलापूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. साखर भराभर चढते, आणि आम्ल, त्यातही मॅलिक आम्ल, गरम हवेत वेल स्वतःच जाळून टाकतो. सालीचा आणि बियांचा तुरटपणा मात्र त्या वेगानं पिकत नाही. म्हणजे मीटरवर गोडी चोवीस ब्रिक्स दिसते, तोडा तोडा म्हणतात सगळे, आणि बी दाताखाली धरली तर अजून हिरवी, कडू. अण्णा मीटर बघतच नाहीत. ते एक मणी तोंडात टाकतात, साल वेगळी चावतात, मग बी दाढेखाली फोडतात, बी भाजलेल्या दाण्यासारखी खुटकन फुटली की म्हणतात झालं. वाईनमेकर पण मीटर लावतो आणि मग हेच करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फळछाटणी लवकर घेतली तर तोडणी गार हवेत येते, हे गणित सोपं आहे. पण आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला सगळ्यात जोराचा महिना सप्टेंबर. छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्यावी तर कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, उशीर करावा तर तोडणी मार्चच्या उन्हात. या दोन्हीच्या मधली पंधरा-वीस दिवसांची फट पकडायची. इथं परत माती मध्ये येते. पाऊस झाला की खालच्या काळ्या रानात तीन-चार दिवस वाफसा येत नाही, ट्रॅक्टर घातला तर चाकं रुततात, आणि फवारणीची गरज तर त्याच तीन दिवसांत सगळ्यात जास्त. वर मुरमात दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आत जाऊ शकतो. वर वारंही असतं, दहा वाजेपर्यंत पानं कोरडी होतात. खाली ओढ्याच्या अंगाला बारा वाजले तरी पानाच्या मागं हात लावला तर ओल लागते. त्यामुळं गेली काही वर्षं वरची छाटणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि खालची ऑक्टोबर उजाडता असं चाललंय. फक्त त्या एका वर्षी, दोन टँकच्या प्रयोगासाठी म्हणून, दोन्हीकडं एकाच दिवशी कात्री लावली होती.

आता ज्या ठिकाणी गणित अडकलं ते सांगते. डोंगरावर गार असतं असं आपण सगळेच धरून चालतो. दादानं दोन्ही पट्ट्यांत किमान-कमाल तापमानाचे थर्मामीटर लावले आणि रोज सकाळी वहीत आकडे लिहायला लागला. जानेवारीत पहाटे खाली नऊ डिग्री तर वर अकरा. पहिल्यांदा आम्हाला वाटलं थर्मामीटर खराब आहे, अदलाबदल करून बघितलं तरी तेच. मग लक्षात आलं, साधी गोष्ट आहे, गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली ओढ्याकडं येऊन साठते. आणि वरचा दगड दिवसभर तापलेला असतो तो रात्री ऊब सोडत राहतो. उंचीमुळं गारवा मिळतो हे खरं, पण तो हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री, आमच्या दोन पट्ट्यांत फरक शंभर-सव्वाशे फुटांचा, म्हणजे उंचीनं मिळणारा गारवा पाव डिग्री सुद्धा धड नाही. सोलापूरपेक्षा आमच्या गावात एखादी डिग्री कमी एवढंच उंचीचं देणं. बाकी सगळा खेळ वाऱ्याचा, दगडाचा आणि उताराचा.

मग खाली रात्री गार असेल तर खालच्या मालात आम्ल जास्त टिकायला पाहिजे, बरोबर? रिपोर्ट आला तो उलटा. वरच्या रसाचा पीएच ३.५ च्या आसपास आणि खालच्याचा ३.९, आणि पीएच जेवढा जास्त तेवढा आंबटपणा कमी. एवढा पीएच म्हणजे वाईन सपक लागणार, रंग टिकणार नाही, जंतूंची भीती वेगळीच. मी मातीचे रिपोर्ट पुन्हा काढून बसले, आणि उत्तर त्यातच होतं, पालाशमध्ये, म्हणजे पोटॅशमध्ये. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश मुळात भरपूर, त्यात डॉगरिज पोटॅश जास्त ओढणारा खुंट, त्यात दादा खायच्या द्राक्षाच्या सवयीनं वरून अजून पोटॅश सोडत होता, कारण गोडीसाठी पोटॅश हे आमच्याकडं प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं. हे पोटॅश मण्यात गेलं की टार्टारिक आम्लाला धरतं आणि त्याचे खडे होऊन तळाला बसतात, वाईनच्या बाटलीत किंवा बुचाला कधीकधी काचेच्या चुऱ्यासारखं काही दिसतं ना, ते हेच. आम्ल असं निघून गेलं की पीएच वर. म्हणजे थंड रात्रींनी खालच्या पट्टीला जे दिलं ते मातीनं आणि आमच्याच खताच्या पिशवीनं काढून घेतलं. त्या दिवशी मी दादाला फोन केला आणि आधी पोटॅश बंद कर एवढंच सांगितलं. त्याला पटायला एक हंगाम गेला, तो भाग वेगळा.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते कारण लोक मला विचारतात, की दगडाच्या जमिनीतली वाईन दगडासारखी लागते का, मातीची चव उतरते का. अशी थेट उतरत नाही. वेल मुळीतून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतो, दगडाची चव घेत नाही, वेल्समधले भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स माल्टमन यांनी यावर खूप लिहिलंय. जमीन चव देते ती आडून, पाणी किती आणि कधी देते, मुळी कुठवर जाऊ देते, ऊब किती धरते, यातून.

मधली काही वर्षं वाईटही गेली, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. २००८ च्या मंदीनंतर महाराष्ट्रात बऱ्याच वायनऱ्या अडचणीत आल्या. आमचा करार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वायनरीशी होता, २००९ च्या हंगामात माल तोडणीला आला आणि त्यांनी फोनवर सांगितलं की टँक भरलेले आहेत, या वर्षी जमणार नाही. खायचं द्राक्ष असतं तर मार्केटला नेलं असतं, बेदाणा केला असता. शिराझचा मणी बारीक, जाड सालीचा, आत बिया, बाजारात कुणी घेत नाही आणि बेदाणाही होत नाही. पाच दिवस माल वेलावरच सुकत होता, शेवटी तोडून शेरड्यांना टाकला. त्या वेळी आजूबाजूच्या तालुक्यांत कितीतरी लोकांनी वाईनच्या बागा काढल्या. अण्णा काहीच बोलले नाहीत, पण काकांनी खालची अर्धा एकर उपटून टाकली ती परत लावली नाही. वरची बाग वाचली ती त्या मुरमात दुसरं काही येतच नाही म्हणून. पुढं २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, ती जिल्ह्यात कुणीच विसरणार नाही, त्या वर्षी वर काय आणि खाली काय, ओलांड्याची, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीची, साल फुटलेली होती. नंतर एका छोट्या वायनरीशी जमलं, त्यांचा वाईनमेकर स्वतः येऊन बागेत फिरतो, म्हणून तर दोन टँकचा प्रयोग होऊ शकला.

तोडणी आता रात्रीची असते. पहाटे तीनला डोक्याला बॅटऱ्या लावून बायका ओळीत उभ्या राहतात, सूर्य डोंगराच्या वर यायच्या आत क्रेट भरून गाडी हलली पाहिजे, कारण गरम द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं. यंदा मी पण गेले होते. घड हातात घेतला तर बर्फासारखा गार लागतो, बोटं बधिर होतात, वहिनी म्हणत होती हात बघ की कसे काळेनिळे झालेत. खालच्या पट्टीत शिरल्यावर गारठा एकदम अंगावर येतो, थर्मामीटर न बघता कळतं.

तर त्या दोन बाटल्या.

दादानं चार ग्लासात वेगवेगळी ओतली. व खरोखर काळपट जांभळी, ग्लास तिरका केला तरी पलीकडचं बोट दिसत नव्हतं. तोंडात घेतल्यावर जांभळासारखी भरीव, तुरट, जिभेला धरणारी. मला अगदी अभिमान वाटला, दगडाच्या वाटणीची वाईन ही. खा फिकी, लालसर, पातळ. दादा म्हणाला, "बघ, एप्रिलमध्ये खालची काढूनच टाकतो, सोनाका लावतो." मी पण मान हलवली.

अण्णा माळकरी, आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही, ते वाईन तोंडाला लावत नाहीत. पण मळा त्यांचा, म्हणून दरवर्षी वास मात्र घेतात. त्यांनी व नाकाजवळ नेला, चांगलाय म्हणाले. मग खा घेतला, आणि घेतला तो खाली ठेवेचनात. परत हुंगला. मग आईला हाक मारून म्हणाले, "हिच्यात मिरी टाकलीय का कुणी?"

मी ग्लास त्यांच्या हातातून घेतला. खरंच, ताजी कुटलेली काळी मिरी. आधी मी रंग बघूनच ती बाजूला ठेवली होती, नीट वास घेतलाच नव्हता. व मध्ये तो वास शोधून सापडेना.

शिराझमधला हा मिरीचा वास ज्या पदार्थाचा असतो त्याला रोटंडोन म्हणतात, काळ्या मिरीतही तोच असतो, आणि द्राक्षात तो असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. पुढं तिकडच्याच व्हिक्टोरिया राज्यात डोंगराच्या पायथ्याच्या एका शिराझच्या बागेत त्यांनी ओळीओळीनं मोजलं, तर एकाच बागेत तो जागेप्रमाणं बदलत होता. जिथं घड गार राहतात, सावलीत राहतात, वेल जोमदार असतो, तिथं तो जास्त. म्हणजे आमच्या खालच्या पट्टीचं वर्णनच. ज्या ओलीला, ज्या पानाच्या गर्दीला आणि ज्या गारठ्याला मी दहा वर्षं दोष देत आले त्यातूनच तो वास आला होता. वर ऊन थेट घडावर पडतं, दगड तापतो, रंग आणि भरीवपणा येतो पण मिरी उडून जाते.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. शिराझचं मूळ घर फ्रान्समधलं ऱ्होन नदीचं खोरं, तिथं हर्मिटेज नावाची एक टेकडी आहे, सगळी बाग मिळून जेमतेम १३०-१४० हेक्टर. त्या एका टेकडीवर एका बाजूला ग्रॅनाइट, दुसरीकडं चुनखडी, कुठं चिकण, कुठं वाऱ्यानं आणलेली माती. तिथं शाव नावाचं कुटुंब आहे, १४८१ पासून बापाकडून मुलाकडं द्राक्षाची शेती चालत आलेली. त्यांच्या बागेचे तुकडे टेकडीवर वेगवेगळ्या जागी आहेत. प्रत्येक तुकड्याची वाईन ते आधी वेगळी करतात, वेगळी ठेवतात, आणि मग सगळ्यांची चव बघून एकत्र करून एकच हर्मिटेज बाटलीत भरतात. ग्रॅनाइटच्या तुकड्यातून कणा येतो, बाकीच्यातून वास आणि मऊपणा. म्हणजे एका तुकड्यात जे नाही ते दुसऱ्यातून येतं.

सकाळी चहा घेताना दादाला हे सांगितलं. तो काही बोलला नाही, आत गेला, मेजरिंगचा ग्लास घेऊन आला. सत्तर मिली व आणि तीस मिली खा. सकाळी आठ वाजता वाईनची चव बघायची माझी ही पहिलीच वेळ. रंग जवळजवळ वरचाच राहिला, भरीवपणा राहिला, आणि घोट गेल्यावर मागून मिरी आली. मग साठ-चाळीस केलं, त्यात मिरी जास्त पण घोट लवकर संपतो. सत्तर-तीसच बरोबर, असं दोघांचं एकमत झालं. वाईनमेकरला त्यानं लगेच फोन लावला, तो म्हणाला मला वाटतच होतं, पण तुम्ही खालची काढणार म्हणून गप्प बसलो.

आता एप्रिलला खालची पट्टी निघणार नाही. उलट काय करायचं ते आम्ही वहीत लिहून काढलं. वरून पोटॅश अजिबात नाही, रिपोर्ट सांगेल तेव्हाच. ओळींच्या मध्ये पावसाळ्यात गवत वाढू द्यायचं, म्हणजे हंड्यातलं थोडं पाणी ते पिईल आणि शेंड्याचा जोर कमी होईल. पानं काढायची ती सकाळच्या उन्हाच्या बाजूची थोडी, दुपारच्या बाजूची सावली तशीच ठेवायची. काकांनी उपटलेल्या अर्ध्या एकरात ११० आर या खुंटावर नवीन शिराझ, तो डॉगरिजपेक्षा कमी जोराचा. छाटणी वरच्यापेक्षा आठ-दहा दिवस मागं हे तसंच. यातलं काय जमेल आणि काय नाही हे पुढच्या दोन हंगामांत दिसेल, पीएच ३.७ वर आला तरी मला पुष्कळ.

निघताना अण्णांनी दोन पिशव्या हातात दिल्या, दोन्ही पट्ट्यांतली देठं, मी आदल्या संध्याकाळी परीक्षणासाठी काढायला सांगितलेली. वरच्या देठांची पिशवी मुठीत मावेल एवढी, खालची चांगली फुगलेली, पानं मोठी ना. पिशव्यांवर त्यांनी स्वतः खडूनं लिहिलं होतं, व आणि खा. वैरागला गाडी पंधरा मिनिटं थांबली तेव्हा मी बॅगेतून काढून बघितलं, खडू पुसत आला होता, पेन घेऊन वरून परत गिरवलं.